वैनीच्या दारातला चढ

बिनगिअरच्या स्कूटरला मागच्या चाकाच्या डाव्या अंगाला एक लांबट झाकण असतं. पाय लागून लागून त्याचा रंग उडालेला असतो, खाली चिखल बसलेला असतो, आणि ते कशाचं झाकण आहे हे गाडीच्या मालकाला बहुधा ठाऊक नसतं. माझं कामाचं निम्मं आयुष्य त्या झाकणाखाली गेलं. इंजिनाची चौकशी लोक आपुलकीने करतात, ॲव्हरेजबद्दल तर गुरुजींना पत्रिका दाखवावी तसं विचारतात. क्लचबद्दल कोणी विचारत नाही. ‘आमच्या गाडीला क्लचच नाही हो भाऊ,’ असं तोंडावर सांगणारी गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिली. हँडलला क्लचची दांडी नाही म्हणजे क्लच नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. मग मी जळालेला क्लच काढून त्यांच्या हातात ठेवायचो. तळवा काळा झाला की पटायचं.

कुसगावला जुन्या रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. आता तिथे होमस्टे होतोय. दिवाळी अंकवाल्यांनी ‘गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा’ असं सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हणालो, कारण आठवायला बसलं की मला गमतींच्या आधी एक चढ आठवतो. तरी गमतींपासूनच सुरुवात करतो, नाहीतर चढावर काय बिनसलं ते तुम्हाला कळणार नाही.

आधी हा क्लच म्हणजे काय ते. दोन पोरी फुगडी घालतात तेव्हा हळू फिरताना त्या जवळ जवळ असतात. वेग वाढला की अंग मागे फेकलं जातं, हात ताणतात. क्लचमध्ये तेच चालतं. आत तीन चंद्रकोरीसारखे तुकडे असतात, त्यांना आम्ही शू म्हणतो. त्यांना बारक्या स्प्रिंगांनी आतल्या बाजूला धरून ठेवलेलं असतं. त्यांच्याभोवती पातेल्यासारखा एक लोखंडी डबा असतो आणि तो डबा मागच्या चाकाला जोडलेला असतो. गाडी नुसती चालू करून उभी असते तेव्हा शू हळू फिरतात, डब्याला शिवत नाहीत, म्हणून गाडी जागेवर थांबते. रेस दिली की शू बाहेर फेकले जातात, डब्याला आतून चिकटतात, आणि चाक फिरायला लागतं. दांडी नाही, गिअर नाही, फिरण्याच्या जोरावर सगळं आपोआप होतं.

यात एक नाजूक क्षण असतो. शू डब्याला टेकलेले असतात पण पुरते चिकटलेले नसतात, तेवढा वेळ ते घासतात. गाडी सपाटीवर निघते तेव्हा हा क्षण आला कधी आणि गेला कधी, कळतही नाही. पण चढावर, वजन घेऊन, अर्धी रेस देत गाडी तोलून धरली, की तो क्षण संपतच नाही. शू घासत राहतात, तापतात, त्यांचं अस्तर काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग रेस कितीही द्या, इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. डबा उघडला तर आतून निळा पडलेला असतो. त्या जळण्याला एक वास असतो. शिंगाला डाग दिल्यासारखा. माझी बायको मी घरात शिरलो की नुसत्या वासावरून सांगायची, आज किती क्लच उघडले ते.

शनिवार-रविवारी धरणाच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागली की हा वास माझ्या गॅरेजपर्यंत यायचा. भाड्याच्या स्कूटरवर तिघं बसलेले, पुढच्या मोटारीला चिकटून, ब्रेक न दाबता रेसवर गाडी चढात तोलत उभे. एकदा एक पोरगा गाडी ढकलत आला आणि म्हणाला, ‘काका, मघापासून कुणीतरी काहीतरी भाजतंय, मस्त वास येतोय, आणि आमची गाडी पुढे जात नाहीये.’ मी म्हटलं, ‘बाळा, भाजतोयस तूच.’ त्याच्या मैत्रिणी हसल्या, तो नाही हसला. गाडी भाड्याची आहे हे त्याला तेवढ्यात आठवलं असावं.

बाजारातल्या एका चिक्कीवाल्या बाईंची गाडी निघताना किंचाळायची. शूवर धूळ बसली की किंचाळते, उघडून पुसलं आणि पॉलिशपेपरने आडवं घासलं की गप्प होते. पण त्यांचा भाचा हुशार निघाला. आवाज येतोय म्हणजे तेल हवं, असं ठरवून त्याने झाकण काढलं आणि आत तेल सोडलं. आवाज खरंच बंद झाला. गाडीही बंद झाली म्हणा ना. इंजिन चालू, चाक उभं. बाई मला म्हणाल्या, ‘मेस्त्री, गाडी कशी शांत झाली बघा, फक्त चालत तेवढी नाही.’ क्लचला तेलाचं वावडं असतं. जगातल्या बहुतेक यंत्रांना घासलेलं चालत नाही. इथे मात्र घासण्यावरच सगळं उभं असतं, फक्त ते क्षणभराचं असायला हवं. मी पेट्रोलने डबा धुतला, शू नवे टाकले, आणि भाच्याला चिक्की बांधायला बसवा असा सल्ला दिला. तो त्यांनी मानला.

क्लच जुळवायचा म्हणजे काय करायचं, हेही थोडक्यात सांगतो. बारक्या स्प्रिंगा सैल पडल्या की शू लवकर उघडतात आणि गाडी उभ्याउभ्याच पुढे सरकायला बघते. कडक टाकल्या की शू उशिरा उघडतात, पण उघडतात तेव्हा इंजिनात दम भरलेला असतो, म्हणून वजनाला त्या बऱ्या. पुढच्या पुलीत रोलर असतात, ते हलके टाकले की गाडी चढाला जोर करते आणि सपाटीवर ओरडते. एका बाजूने द्यावं तर दुसऱ्या बाजूने जातं. सगळ्यांचं समाधान होईल अशी गाडी मला कधी जुळवता आली नाही. मात्र कुठल्या माणसाला कुठल्या रस्त्याने रोज जायचं आहे हे विचारून त्याच्यापुरती गाडी जुळवायची, यात माझा हात कोणी धरू शकत नव्हता. हे मी आज बिनदिक्कत लिहितो, कारण आता तपासायला गॅरेज नाही.

आता किसनचं सांगतो.

माझ्या गॅरेजशेजारी पूर्वी एक नर्सरी होती. तिथे किसन माळीकाम करायचा. दुपारचा डबा आम्ही एकत्र उघडायचो. त्याच्या डब्यातली नाचणीची भाकरी माझी आणि माझी पोळी त्याची, असं ठरून गेलं होतं. तो मूळचा तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाच्या एका वस्तीतला. नर्सरी बंद झाली तेव्हा तो पवनेच्या काठावर एका बंगल्यात राखणीला लागला. मग साखरेच्या आजाराने त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. मालक भला माणूस होता. म्हणाला, गेटवर बसायला दोन पाय लागत नाहीत, येत जा. अडचण गेटवर बसण्याची नव्हती, वस्तीवर चढण्याची होती.

ती वस्ती म्हणजे डोंगराच्या कुशीत एकावर एक रचलेली थोडी घरं. खालच्या ओढ्यापासून वरपर्यंत सिमेंटचा रस्ता केलाय, पण तो वळणं न घेता सरळ वर चढवलाय. चालणाऱ्याची छाती भरते. किसनचं घर सगळ्यांत वर. त्याचा मुलगा तळेगावला कंपनीत आहे, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. तो म्हणाला, आबा, आता इकडे चला. किसन माझ्याकडे आला, पत्र्याच्या स्टुलावर बसला आणि म्हणाला, ‘वसंता, तितं जाऊन म्या काय बघू? समोरच्या बिल्डिंगीत वाळत घातलेली कापडं? मला माज्या घरी चढव. कसा चढवायचा त्ये तुझं तू बघ.’

मी एक जुनी स्कूटर घेतली. मागे आधाराला दोन चाकं लावून घेतली. अशी चाकं लावली की गाडी पडत नाही, पण जड होते आणि क्लचवर ओझं येतं. मी हलके रोलर टाकले, शूच्या स्प्रिंगा कडक केल्या, शूच्या अस्तरात तिरप्या खाचा काढल्या म्हणजे धूळ आणि उष्णता बाहेर पडेल. कुसगावच्या चढावर स्वतः मागे सिमेंटची गोणी बांधून चालवून बघितली. मग किसनला दिली. पहिल्या दिवशी तो ओढ्यापासून निघाला आणि थेट स्वतःच्या अंगणात पोचला. त्याला न्यायला आलेला मुलगा अंगणातच उभा होता. त्याने बापाकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि संध्याकाळी एकटाच तळेगावला परत गेला. त्या दिवशी मला जे वाटलं, ते नंतर कधी वाटलं नाही.

पण गाडी महिन्याभरात गॅरेजला परत. क्लच जळलेला. नवा घातला, तोही जळला. मी चिडलो. माझ्या कामात खोट आहे असं कोणी म्हणत नव्हतं, पण मला स्वतःला ते सहन होईना. शेवटी एका संध्याकाळी मीच वस्तीवर गेलो आणि वरच्या एका दगडावर बसून किसन कसा चढतो ते बघत राहिलो.

बघितलं आणि कपाळाला हात लावला. किसन पहिल्या घराशी थांबला. ‘रामराम, जेवलं का?’ म्हणाला. दुसऱ्या घराशी थांबला. तिसऱ्या दारात एक म्हातारी मिरच्या निवडत होती, तिच्याशी बोलला. त्या वस्तीत दारावरून न बोलता जाणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. ज्याच्याशी वाकडं असेल त्याच्याच दारावरून माणूस मुकाट जातो. आणि रामराम नुसता तोंडाने कसा करायचा? डावा हात ब्रेकवरून निघून कपाळाशी जायचा. मग जड गाडी त्या उभ्या चढावर कशाने थांबणार? उजव्या हाताच्या रेसवर. दर दारात शू घासत होते, आणि हा माणूस लोकांच्या म्हशींची चौकशी करत होता.

सगळ्यांत जास्त वेळ तो थांबला मधल्या घरासमोर. तिथे ओट्यावर त्याची वैनी बसली होती, म्हणजे थोरल्या भावाची बायको. भाऊ कधीच गेलेला. किसनची आई तो रांगत असतानाच वारली होती आणि नवी नवरी म्हणून आलेल्या या वैनीने त्याला वाढवलं होतं. त्यामुळे तोंडाने वैनी म्हणत असला तरी ती त्याची आईच. सकाळी तो कामावर उतरायचा तेव्हा ती शेरडं घेऊन रानात गेलेली असायची. त्यामुळे संध्याकाळची ही ओट्यासमोरची पाच-दहा वाक्यं, एवढीच त्यांची रोजची भेट.

मी खाली उतरलो. वैनीने कोरा चहा दिला. म्हणाली, ‘ह्यो लहानपनी बी ह्या चढाला कटाळायचा. मंग म्या कडंवर घेऊन न्यायाची.’

ब्रेक धरून थांबला असता तरी त्या उभ्या चढावर पुन्हा निघताना शू घासणारच होते. मी सगळ्यांसमोर किसनला झापलं. ‘ओढ्यापासून निघालास की घर येईपर्यंत थांबायचं नाही. एका दमात वर. कोणी का दारात बसलेलं असेना.’

‘आन् वैनी?’ त्याने विचारलं.

‘वैनीसुद्धा. तुला हितं राहायचंय का तळेगावला?’

तो सीटवरची धूळ हाताने पुसायला लागला. वैनीने मात्र मला नीट विचारून घेतलं. ‘भाऊ, म्या हाक मारली तं चालंल न्हवं?’

‘मारा की, वैनी,’ मी म्हणालो. ‘फक्त त्याने थांबायचं नाही.’

‘बरं,’ म्हणाली.

लोकांना ते पचायला वेळ लागला. गाडी आली आणि किसन माजला, असं एकदोघं बोलले म्हणे. पण क्लच टिकला. कित्येक वर्षं टिकला. मी अधूनमधून उघडायचो, पुसायचो, स्प्रिंगा बदलायचो, अस्तर झिजलं की शू टाकायचो. किसन रोज संध्याकाळी ओढ्यापासून भरधाव निघायचा, ओट्यावरून वैनी ओरडायची, ‘आलास का रं?’ आणि हा मान न वळवता, ‘आलो गं वैनी,’ म्हणत वर निघून जायचा. सणासुदीला वैनीचा मुलगा, म्हणजे किसनचा पुतण्या, त्याला पाठुंगळी घेऊन वैनीच्या घरी जेवायला उतरवायचा. पुन्हा वर न्यायचा. बाप्याला असं पोरासारखं वाहून नेणं किसनला आवडायचं नाही, पण वैनीसाठी जायचा.

मग एका पावसाळ्यानंतर तो गॅरेजवर आला. गाडी ठीक होती, तो ठीक नव्हता. म्हणाला, ‘वसंता, वैनी आताशा वट्यावर बसत न्हाई. हाक बी मारत न्हाई. सकाळी उतरताना बी दार लावल्यालं असतं. म्या आवाज देतो, आतून काय येत न्हाई.’

मी म्हटलं, ‘वय झालं असेल. आत बसत असतील.’

‘न्हाई. रागावली ती. इतकी वर्सं म्या दारावरनं मुकाट गेलो, लागनारच मनाला. तिनं कदी बोलून दावलं न्हाई, एवढंच.’

‘अरे, त्यांनी त्या दिवशी बरं म्हटलं होतं.’

‘म्हनली आसंल. बरं म्हनायचं न् मनात ठेवायचं, ही तिची रीतच हाय,’ तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘गाडी तिच्या दारात थांबंल आसं काय तरी कर.’

मी पुष्कळ केलं. आणखी हलके रोलर टाकून बघितले. मागच्या पुलीची मोठी स्प्रिंग बदलली. नवे शू आणून ते डब्याच्या गोलाईला तंतोतंत बसावेत म्हणून एकेक हाताने घासून काढले. कुसगावच्या चढावर मध्येच थांबवून, गोणी बांधून, पुन्हा पुन्हा उचलून बघितली. एखाद्‍दुसऱ्या वेळी निघायची, आणि तिसऱ्या वेळी तो वास. किसनच्या वस्तीचा चढ तर त्याच्याहून उभा. मी त्याला सांगितलं, ‘नाही होत किसन. या इंजिनात तेवढा जीव नाही. क्लच तरी तो कुठून आणणार?’ जे सांगितलं ते खरं होतं. मी आजही त्या गाडीबद्दल दुसरं काही सांगणार नाही.

त्या दिवाळीला तो वैनीकडे जेवायला उतरला नाही. पुतण्या न्यायला आला तर ताप आहे म्हणाला. रागावलेल्या माणसाच्या घरी पाठुंगळी बसून कसं जायचं, असं मला म्हणाला. थंडीत वैनी गेली. दोन दिवसांचा ताप आला, तिसऱ्या दिवशी संपलं. किसनला कळवायला पुतण्या बंगल्यावर गेला. तो आला तेव्हा तिला अंगणात घेतलेलं होतं.

त्यानंतर क्लच पुन्हा जळायला लागले. एक, मग दुसरा. मी काही न विचारता नवे घातले. तिसऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘आता थांबतो म्या तिच्या दारात.’ मी तोही बसवून दिला. तेव्हा माझं गॅरेज आवरायला आलं होतं. या जुन्या गाडीचे शू मिळणं कठीण झालं होतं, आणि बाजारात विजेवरच्या स्कूटरी आल्या होत्या, त्यांच्यात हा क्लच नसतोच. शेवटचे शू घेऊन मी स्वतःच वस्तीवर गेलो. म्हटलं, तिथेच बसवून देऊ आणि दोन शब्द समजावून सांगू.

दुपारची वेळ होती. किसन कामावर होता. मी वैनीच्या ओट्यावर बसलो. तिची सून मंगल आत होती. या ओट्यावर मी पूर्वीही बसलो होतो, पण तेव्हा माझं सगळं लक्ष रस्त्यावरच्या गाडीकडे असायचं. त्या दिवशी बघायला गाडी नव्हती, म्हणून मी नुसता समोर बघत बसलो. आणि मला ते अंगण दिसलं.

डोंगर कापून केलेलं, शेणाने सारवलेलं, चांगलं लांबरुंद, आणि सपाट. रस्ता उभा चढाचा, पण त्याला लागून असलेलं वैनीचं अंगण सपाट. मध्ये फक्त एक हातभर रुंदीची पाण्याची चर. तिच्यावर दोन फरशा टाकल्या असत्या तर किसनला गाडी वळवून सरळ अंगणात घेता आली असती. तिथे तिला तोलून धरायची गरज नव्हती. पाहिजे तेवढा वेळ बसावं, बोलावं. आणि निघताना अंगणाच्या सपाटीवरच शू डब्याला पुरते चिकटले असते. पुढे चढ लागला तरी मग घासायचं कारण नव्हतं. क्लचला एवढंच लागतं. निघायला थोडीशी सपाट जमीन.

मी उठून चरीपाशी जाऊन उभा राहिलो. मी इतक्या वर्षांत त्या गाडीची एकेक स्प्रिंग बदलली होती. रोलर तोलून बघितले होते. झाकणाच्या आत जेवढं होतं तेवढं सगळं करून झालं होतं. झाकणाच्या बाहेरही काही करता येतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. किसनच्या नाही आलं, पुतण्याच्या नाही आलं. गाडीचा प्रश्न म्हटलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी गाडीकडे बघायचो.

पुतण्या आल्यावर त्याला सांगितलं. त्याने चरीची रुंदी पायाने मोजली. मग गोठ्यामागे पडलेल्या शहाबादी फरशा घेऊन आला. आम्ही दोघांनी त्या टाकल्या, खाली दगड घट्ट बसवले, वर उभं राहून नाचून बघितलं. तासाभराचं काम. तेवढंसुद्धा नसेल.

संध्याकाळी ओढ्यापाशी आवाज आला. किसन वर आला, आम्ही रस्त्यात हात करून उभे. त्याला फरशा दाखवल्या. त्याने गाडी वळवली, फरशांवरून अंगणात घेतली आणि बंद केली. इतक्या वर्षांत त्या दारात ती पहिल्यांदाच बंद झाली असेल. तो तसाच सीटवर बसून राहिला. ओट्याकडे बघेना. मला काही विचारेल, शिवी देईल, असं वाटत होतं. त्याने किल्ली काढून खिशात टाकली.

मंगलने पाणी आणलं. तांब्या हातात घेऊन त्याने तिलाच विचारलं, ‘पोरी, खरं सांग. म्हातारी माज्यावर रागावून आत बसायची ना?’

मंगल गोंधळली. ‘रागावून? न्हाई वो नाना. कोन म्हनलं?’

‘मंग वट्यावर का येत नव्हती?’

‘गुडघं गेलं हुतं न्हवं का त्यांचं. चुलीपाशीच बसायच्या. पर तुमच्या गाडीचा आवाज वढ्यावर आला की उटायच्या. म्या म्हनायची, आत्याबाई, बसा, पडशाल. आयकायच्या न्हाईत. भिताड धरून धरून दारापत्तुर यायच्या, तवर तुमी वर गेल्यालं असायचं. मंग मला इचारायच्या, गेला का? म्या म्हनायची, व्हय, गेला.’

‘हाक तरी मारायची,’ किसन म्हणाला.

‘मारायच्या की. पर आवाज कुटं ऱ्हायलता. गाडीच्या आवाजात मला बी आयकू यायचा न्हाई.’ मंगलने रिकामा तांब्या परत घेतला. ‘पर रागावल्या कदीच न्हाईत. उलट खूस असायच्या. आत वळताना रोज म्हनायच्या, बरी चढली गाडी आज. वसंताभाऊनं लय ब्येस करून दिली.’

किसनने तोंड दुसरीकडे केलं. मी फरशीखालचा दगड उगाच पायाने पुन्हा दाबून बघितला. माझ्या कामाचं कौतुक पुष्कळांनी केलं, काहींचं मी खालमानेनं ऐकलं, काहींचं मनातून सुखावून. हे एक मात्र मला अजून ऐकवत नाही.